हॉकी सुटल्यावर काय?

कॅनडातल्या मिसिसागात नव्याने आलेले मराठी आईबाप पोराला आईस हॉकीत घालतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: स्केट्स कुठून घ्यायचे? जुने घ्या, वर्षभरात पाय वाढतो. चाळिशीत या खेळाडूंचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आमचा मुलगा ट्रिपल ए, म्हणजे मुलांच्या सर्वांत वरच्या पातळीच्या संघात गेला, पहाटेच्या सरावाच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढले, तेव्हा आम्ही ते शोधायला बसलो. उत्तर आमच्याच गावात सापडलं.

मॅनी मल्होत्रा इथला, जन्म १९८०चा, वडील भारतीय. एनएचएल ही इथली सर्वांत मोठी व्यावसायिक हॉकी लीग; तिचे संघ नवी मुलं निवडतात तो ड्राफ्ट. १९९८च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर निवड झाली की लोक गोलांची वाट बघतात. ते फारसे झाले नाहीत. मग त्याने बचाव आणि फेस-ऑफ या कामांत हात बसवला. पंच पक म्हणजे रबरी चकती टाकतो आणि समोरासमोर वाकलेले दोघे तो काठीने ओढायला बघतात, तो फेस-ऑफ. टाळ्या वगैरे नाहीत, पण प्रशिक्षकाला असा माणूस हवाच असतो. त्या जोरावर तो एनएचएलचे ९९१ सामने खेळला.

मार्च २०११मध्ये पक डाव्या डोळ्यावर बसला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी जूनमध्ये तो अंतिम मालिकेत उतरला. नजर मात्र पूर्ण आली नाही. २०१३मध्ये त्याच्या व्हँकूव्हर संघाने त्याच्याच सुरक्षिततेसाठी त्याला उरलेल्या हंगामापुरतं बसवलं. नंतर तो खालच्या लीगमधून पुन्हा वर आला, आणखी दोन संघांकडून खेळला. पुढे प्रशिक्षक झाला. २०२५मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघाने एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगचं विजेतेपद, म्हणजे काल्डर कप जिंकला. माझ्या मते त्याची प्रशिक्षकी त्या फेस-ऑफमध्येच तयार होत होती.

सगळ्यांना रिंकवरच नोकरी मिळेल असं नाही. ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत ३२ संघ मिळून २२४ मुलं घेतात. त्यातल्या कितीतरी जणांना एनएचएलचा एकही सामना मिळत नाही. गोली, म्हणजे गोलरक्षक, केन ड्रायडनला तर सगळं मिळालं होतं, तरी कराराच्या वादात त्याने १९७३-७४चा अख्खा हंगाम सोडला आणि टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली. कॉर्नेलची पदवी आधीच होती. सहा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकून १९७९मध्ये, एकतिसाव्या वर्षी थांबला. २००४मध्ये खासदार आणि मंत्री झाला. अर्थात ड्रायडन एखादाच, पण अभ्यास सोडला नाही ही गोष्ट कुणालाही जमण्यासारखी.

आता तुमच्या कामाचं. ओंटारियोची ज्युनियर लीग पंधरा-सोळाव्या वर्षीच मुलं निवडते. गाव लांबचं असेल तर मुलगा बिलेट म्हणजे यजमान कुटुंबाकडे राहतो. पोळीभाजीची सवय असलेल्या पोराला हे जड जातं, आईला त्याहून जड. खेळलेल्या हंगामांच्या हिशेबाने लीग पुढच्या शिक्षणाचा खर्च देते, पण त्याला मुदतीच्या अटी असतात. व्यावसायिक करार केला तर त्या पैशांचं काय, हे सहीआधी लेखी घ्या. पूर्वी या लीगमध्ये खेळलं की अमेरिकन विद्यापीठ हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५पासून ते उघडलंय, त्यामुळे जुन्या पालकांचा याबाबतचा सल्ला, अगदी माझा २०२४चासुद्धा, आता चालणार नाही.