बटणांचा साधा फोन शिकताना आणि शिकवताना

बटणांचा साधा फोन अनेक घरांत वडीलधाऱ्या माणसांच्या हातात दिला जातो, पण तो शिकवला मात्र क्वचितच जातो. मुलगा किंवा नातू चार नंबर घालून देतो, भराभर मेनू उघडून दाखवतो आणि 'आता जमेल तुम्हाला' असे म्हणून आपल्या कामाला लागतो. पुढे वर्षानुवर्षे तो फोन केवळ आलेला कॉल उचलण्यापुरता वापरला जातो आणि मेसेज वाचण्यासाठी शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. शिकणाऱ्याची कुवत कमी पडते, असे मला मुळीच वाटत नाही. खरी अडचण भीतीची असते: चुकीचे बटण दाबले तर फोन बिघडेल, पैसे कापले जातील किंवा भलत्यालाच फोन लागेल. म्हणून या फोनवर कुठूनही माघारी कसे यायचे, हे सर्वांत आधी शिकावे, असे माझे ठाम मत आहे. परतीची वाट ठाऊक असलेला माणूस पुढचे बरेचसे आपले आपण धुंडाळतो.

फोन घेतानाच एक गोष्ट पाहून घ्यावी. दिसायला सारखेच असले, तरी साध्या फोनांत टूजी आणि फोरजी असे दोन प्रकार आहेत. जिओचे टूजी जाळे नाही, त्यामुळे टूजी फोनमध्ये जिओचे सिम घातले तर रेंजच येत नाही. घरात जे सिम आहे ते दुकानातच घालून, एक कॉल लावून आणि एक घेऊन पाहावा.

लाल बटणापासून सुरुवात

पडद्याच्या खाली मधोमध चार दिशांचे बटण असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला एकेक बटण असते. या दोन बटणांवर बहुधा केवळ एक रेघ छापलेली असते, कारण त्यांचे काम प्रत्येक वेळी बदलते. ते काम पडद्याच्या तळाशी, त्या त्या बटणाच्या बरोबर वर, अक्षरांत लिहिलेले असते: कधी 'मेनू', कधी 'पर्याय', कधी 'मागे'. बटण दाबण्यापूर्वी तळाचा शब्द वाचण्याची सवय लागली की निम्मे शिक्षण झाले असे समजावे. त्यासाठीच, शिकणाऱ्याला मराठी वाचता येत असेल तर पहिल्या धड्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फोनची भाषा मराठी करून द्यावी आणि नंतर आपल्या सोयीसाठी ती पुन्हा इंग्रजी करू नये. इंग्रजी मेनूतील वाट घोकून पाठ झालेली असते, पण एक पायरी चुकली की सगळेच चुकते.

लाल बटण एकदा हलके दाबले की आपण मेनूच्या कितीही आत असलो तरी मूळ पडद्यावर परत येतो. तेच बटण दाबून धरले तर बहुतेक फोन बंद होतात, आणि तसेच पुन्हा दाबून धरले की सुरू होतात. शिकवणाऱ्याने मुद्दाम फोन कुठल्या तरी कोपऱ्यातल्या मेनूत नेऊन द्यावा आणि शिकणाऱ्याने लाल बटणाने परत यावे. मग शिकणाऱ्याने स्वतःच हवे तिथे भरकटावे आणि परत यावे. हा सराव पोरकट वाटला तरी टाळू नये. या वेळी शिकवणाऱ्याने हात मागे ठेवावेत, कारण समोरच्याचे बोट अडखळले की फोन काढून घेऊन आपणच बटण दाबण्याचा मोह होतो, आणि तिथेच शिकणे थांबते. शिकणाऱ्याला हेही स्पष्ट सांगावे की नंबर किंवा मेसेज पुसण्याआधी फोन पडद्यावर विचारतो. न समजलेल्या प्रश्नाला लाल बटण हे सुरक्षित उत्तर आहे. इंटरनेट मात्र नकळत सुरू होऊ शकते, म्हणून त्याची गरज नसेल तर सेटिंगमधून मोबाइल डेटा बंदच करून ठेवावा.

यानंतर कुलूप. खिशात किंवा पिशवीत बटणे दाबली जाऊन आपोआप कॉल लागू नयेत म्हणून बटणांना कुलूप लावतात. ते उघडण्यासाठी बहुतेक फोनांत आधी डावे किंवा मधले बटण आणि लगेच स्टारचे बटण दाबावे लागते. दोन्हींत फार अंतर पडले तर कुलूप उघडत नाही, एवढेच लक्षात आणून द्यावे.

नंबर साठवणे आणि लावणे

कॉल लावणे, उचलणे आणि ठेवणे बहुतेकांना येते, पण आवाज वाढवणे येत नाही. बोलणे चालू असताना चार दिशांच्या बटणाचे वरचे किंवा उजवे टोक दाबले की समोरच्याचा आवाज वाढतो. कॉल चालू नसताना तेच बटण भलतेच काही उघडते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी दाखवावे आणि त्याच्याकडून करवून घ्यावे. मूळ पडद्यावर हिरवे बटण दाबले की आलेल्या, केलेल्या आणि हुकलेल्या कॉलची यादी दिसते, आणि त्यातल्या नावावर पुन्हा हिरवे दाबले की कॉल लागतो.

नंबर साठवताना तो +91 लावून साठवावा. म्हणजे परदेशात गेल्यावरही तसाच लागतो. अधिकचे चिन्ह काही फोनांत स्टार दोनदा दाबून, तर काहींत शून्य दाबून धरून येते. साठवण्याची जागा विचारली तर सिम निवडावे की फोन, याबद्दल दोन मते आहेत. सिममध्ये नावे थोडी आणि आखूडच मावतात, पण फोन बिघडला तरी ती दुसऱ्या फोनमध्ये जशीच्या तशी मिळतात. वयस्कर माणसाला लागणाऱ्या वीस-पंचवीस नंबरांसाठी मी सिमच पसंत करतो.

नाव लिहिण्याची रीत सावकाश समजून घ्यावी. एका बटणावर तीन-चार अक्षरे असतात, आणि हवे ते अक्षर त्यात जितक्या क्रमांकावर असेल तितक्या वेळा ते बटण दाबायचे असते. इंग्रजी अक्षरांत 'आशा' लिहायचे तर 'ए'साठी 2 एकदा, 'एस'साठी 7 चार वेळा, 'एच'साठी 4 दोनदा आणि पुन्हा 'ए'साठी 2 एकदा दाबावे लागते. लागोपाठची दोन अक्षरे एकाच बटणावरची असतील, तर मध्ये क्षणभर थांबावे, नाहीतर पहिलेच अक्षर बदलत राहते. जागा सोडण्यासाठी बहुधा 0 आणि लिपी बदलण्यासाठी हॅशचे बटण असते. हॅश दाबत गेल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील खूण बदलत जाते: लहान अक्षरे, मोठी अक्षरे, आकडे आणि, मराठी किंवा हिंदीची सोय असेल तर, देवनागरी. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांसाठीच्या आयएस 16333 या मानकात हिंदी, इंग्रजी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोय असावी असे म्हटले आहे, म्हणून घेताना 'मराठीत लिहिता येते का' असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

रोज लागणारे दोन-तीन नंबर एकाच बटणावर बसवता येतात. स्पीड डायलमध्ये 2 वर मुलीचा, 3 वर डॉक्टरांचा नंबर बसवला की ते बटण दाबून धरताच कॉल लागतो. या कामासाठी 5 आणि 9 ही बटणे मोकळी ठेवावीत. केंद्र सरकारच्या नियमानुसार 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत 5 किंवा 9 दाबून धरल्यावर आपत्कालीन कॉल जाण्याची सोय असणे बंधनकारक आहे. आपल्या फोनवर ते कोणते बटण आहे, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, पण गंमत म्हणून दाबून पाहू नये, कारण पलीकडे खरोखरच्या संकटातल्या माणसाची वाट पाहणारी माणसे असतात. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सर्वांसाठी 112 हा नंबर आहे, तो तोंडपाठ करून घ्यावा.

मेसेज

वयस्कर माणसे मेसेज सहसा पाठवत नाहीत, पण वाचता येणे मात्र अत्यावश्यक झाले आहे. बँकेतून पैसे काढले, गॅस सिलिंडर नोंदवला, आधारचे काही काम केले, की मेसेज येतोच. ओटीपी असलेला मेसेज उघडून सहा आकडे वाचता येणे, हा मी वेगळा धडाच मानतो आणि खऱ्या मेसेजवरच तो द्यावा. त्याच धड्यात हेही सांगावे की फोनवरून मागणाऱ्या कुणालाही, तो स्वतःला बँकेचा माणूस म्हणवत असला तरी, ते आकडे वाचून दाखवायचे नाहीत. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्टार-हॅशचे कोणतेही आकडे दाबू नयेत. त्या मार्गाने आपले कॉल दुसऱ्याकडे वळवून फसवणूक झालेली आहे. +91 सोडून दुसऱ्या आकड्यांनी सुरू होणारा मिस्ड कॉल आला आणि परदेशात आपले कुणी नसेल, तर उलट कॉल करू नये. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 या नंबरावर तक्रार करावी, कारण तिथे प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

लहान फोनांत मेसेजची जागा लवकर भरते आणि ती भरली की नवा मेसेज, पर्यायाने ओटीपीही, येत नाही. 'बँकेचा मेसेजच येत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. महिन्यातून एकदा जुने मेसेज पुसावेत. मेसेज पाठवायचा झाला तर इंग्रजी अक्षरांतील एका मेसेजमध्ये 160, तर देवनागरीत 70 अक्षरे मावतात. त्यापुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे लागतात.

साध्या फोनवरून पैसे पाठवणेही शक्य आहे. *99# ही सेवा आणि मार्च 2022 मध्ये सुरू झालेली यूपीआय 123पे या दोन्हींना इंटरनेट लागत नाही. बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये असावा लागतो. मात्र कॉल आणि मेसेज बिनचूक जमल्याशिवाय याकडे वळू नये, आणि सुरुवातीचे व्यवहार घरच्या विश्वासू माणसाला शेजारी बसवूनच करावेत.

बाकीच्या सोयी

टॉर्च, गजर आणि रेडिओ या तीन सोयींनी फोन खऱ्या अर्थाने आपला होतो. टॉर्चचे बटण फोनागणिक बदलते. काहींत वरचे टोक दोनदा, तर काहींत 0 दाबून धरावे लागते. गजर औषधांच्या वेळांसाठी लावावा आणि तो रोज वाजेल असा पर्याय निवडावा, अन्यथा तो एकदाच वाजून थांबतो. फोनचे घड्याळ चुकीचे असेल तर गजर आणि मिस्ड कॉलच्या वेळा दोन्ही चुकतात. बॅटरी काढल्यावर तारीख-वेळ पुन्हा पाहावी. रेडिओसाठी अनेक फोनांत इअरफोन लावावाच लागतो, कारण त्याची वायरच अँटेनाचे काम करते. आवाज स्पीकरवर घेता येतो, पण वायर काढली की खरखर सुरू होते. एकदा आपोआप स्टेशने शोधून साठवण्याचा पर्याय वापरला की पुण्यात विविध भारती 101 वर सापडते.

बॅटरी, रिचार्ज आणि हरवलेला फोन

या फोनांची बॅटरी साधारण एक हजार एमएएचची असते आणि नुसत्या बोलण्यासाठी काही दिवस पुरते. जुनी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून हलकेच फिरवून पाहावी. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर फुगलेली आहे असे समजावे आणि तत्काळ बदलावी. पावसात फोन भिजला तर तो सुरू होतो का हे पाहण्याच्या फंदात न पडता आधी बॅटरी आणि सिम काढावे, कोरड्या कापडाने पुसून फोन उघडाच वाळू द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. सिमने पिन मागितला आणि तो तीनदा चुकला, की पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागितला जातो. तो अंदाजाने टाकत राहिल्यास दहा चुकांनंतर सिम कायमचे निकामी होते, म्हणून तिथेच थांबून कंपनीकडून तो मागून घ्यावा.

इंटरनेट न वापरणाऱ्याने इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारण नाही. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना केवळ कॉल आणि मेसेजचा रिचार्ज देणे बंधनकारक केले असून त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो आपणहून सांगेलच असे नाही. नाव घेऊन मागावा.

फोन हाती आल्याच्या दिवशीच *#06# दाबून पडद्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख असलेला पंधरा आकडी क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवावा; दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक दिसतात. फोन हरवल्यास प्रथम कंपनीला कळवून सिम बंद करावे, मग पोलिसांत तक्रार द्यावी आणि त्या तक्रारीच्या आधारे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून फोनही बंद करून घ्यावा, म्हणजे तो दुसऱ्या सिमवर चालत नाही. जुना फोन विकत घेताना इंग्रजीत KYM (केवायएम) आणि त्यापुढे जागा सोडून आयएमईआय लिहून 14422 वर मेसेज पाठवला, तर तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे कळते. जुन्याच नंबराचे नवे सिम ओळखपत्र दाखवून मिळते, पण जुन्या सिममध्ये किंवा फोनमध्ये साठवलेली नावे त्यात येत नाहीत. त्यासाठी सगळे नंबर एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ती वही घरातच ठेवावी.