व्यवसायाचे ऑनलाइन खाते हातातून गेल्यास ते परत कसे मिळवावे

सकाळी व्यवसायाचे खाते उघडायला जावे आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे उत्तर यावे, तेव्हा बहुतेक माणसे तोच पासवर्ड चार-पाच वेळा पुन्हा टाकून पाहतात. मग ‘पासवर्ड विसरलात?’ ही वाट धरली जाते आणि कोड ज्या ईमेलवर जाणार आहे त्याचे पहिले अक्षर व पुढचे तारे पडद्यावर दिसतात. ते अक्षर आपल्या पत्त्याचे नसेल, तर खात्यावर दुसऱ्या कोणाचा तरी ताबा आला आहे असे समजावे. माझ्या बाबतीत तिथे ‘के’ होते आणि आमच्या एकाही पत्त्याची सुरुवात त्या अक्षराने होत नव्हती. खाते परत मिळायला १९ दिवस लागले, आणि त्यातले निम्मे दिवस मी कामे चुकीच्या क्रमाने केल्यामुळे वाया गेले, म्हणून या लेखात सर्वाधिक भर क्रमावर दिला आहे.

आधी ईमेल, मग खाते

गेलेल्या खात्याकडे धाव घेण्याआधी त्या खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक आपल्याच ताब्यात आहेत याची खात्री करावी. पासवर्ड बदलण्याचा प्रत्येक कोड तिथेच येतो, त्यामुळे ईमेल दुसऱ्याच्या हातात असताना खाते मिळालेच तरी ते संध्याकाळपर्यंत पुन्हा जाते. मोबाइलची रेंज अचानक गेली असेल आणि आजूबाजूच्या इतरांची शाबूत असेल, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले आहे का, हे मोबाइल कंपनीला तातडीने विचारावे.

ईमेलचा पासवर्ड बदलणे पुरेसे नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर, आपोआप पुढे पाठवण्याचे पत्ते, रिकव्हरीचा (म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला) क्रमांक, जोडलेली अॅप्स आणि लॉगइन असलेली उपकरणे एकेक करून तपासावीत. माझ्या ईमेलमध्ये एक फिल्टर सापडला होता: ज्या संदेशाच्या विषयात ‘सिक्युरिटी’ हा शब्द असेल तो वाचलेला म्हणून नोंदवून थेट कचरापेटीत टाकावा. त्यामुळे सूचना नियमाप्रमाणे येत होत्या, मला मात्र एकही दिसली नव्हती. म्हणून कचरापेटी आणि स्पॅम हे दोन्ही कप्पे शेवटच्या संदेशापर्यंत पाहावेत. ईमेलचा पत्ता बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर तसे कळवते आणि बऱ्याचदा त्याच संदेशातून तो बदल मागेही घेता येतो. गूगल खात्याचा रिकव्हरी क्रमांक किंवा ईमेल कोणी बदलला, तरी पुढचे ७ दिवस जुन्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर कोड मागवण्याचा पर्याय मिळू शकतो, त्यामुळे इथे एक दिवसाचा विलंबही महागात पडतो.

कोणत्या उपकरणावरून हे करावे, हा प्रश्न लोक सहसा विचारात घेत नाहीत. जाहिरातीचा करार किंवा ऑर्डरचा तपशील म्हणून आलेली एखादी फाइल अलीकडे उघडली असेल, तर तो संगणक संशयित मानावा. अशा फाइलमधला प्रोग्राम ब्राउझरमधल्या लॉगइनच्या कुकी, म्हणजे आपण आधीच आत आलो आहोत हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, चोरून नेतो, आणि त्या कुकीच्या आधारे चोराला पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच आत प्रवेश मिळतो. यूट्यूबवरील निर्मात्यांची चॅनेल याच पद्धतीने चोरली जात असल्याची माहिती गूगलच्या सुरक्षा पथकाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या संगणकावरून नवा पासवर्ड ठेवणे म्हणजे नवी किल्लीही चोराच्याच हाती देणे होय. परंतु अगदी अनोळखी उपकरण वापरले, तर खाते परत देणारी यंत्रणा आपल्यावरच संशय घेते, कारण ती ओळखीचे उपकरण, नेहमीची जागा आणि नेहमीचे नेटवर्क पाहते. म्हणून ज्यावरून आपण नेहमी लॉगइन करत आलो तो स्वतःचा फोन, नेहमीच्या ठिकाणी बसून वापरणे सर्वांत योग्य ठरते.

पैशांचे नुकसान थांबवावे

खात्याला जाहिरातींसाठी कार्ड जोडलेले असेल तर बँकेला सांगून ते बंद करावे. विक्रीचे पैसे ज्या बँक खात्यात जमा होतात तो क्रमांक बदलला आहे का, हेही शक्य त्या मार्गाने तपासावे. ग्राहकांना दुसऱ्या माध्यमातून दोन ओळी कळवाव्यात, कारण आपल्या नावाने त्यांच्याकडे पैसे मागितले जाण्याची भीती खरी असते.

अर्ज कसा लिहावा

फेसबुकच्या पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो. पेज ‘हॅक झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते सांभाळणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे वैयक्तिक प्रोफाइल गेलेले असते, म्हणून आधी तेच सोडवावे लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोघांच्याही मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘हॅक्ड’ (hacked) हा इंग्रजी शब्द लिहिला की खाते परत मागण्याचे पान उघडते. त्याआधी पूर्ण अधिकार असलेला एखादा सहकारी अजून आत आहे का, ते पाहावे. तो असेल तर चोराला काढून टाकण्याचे काम काही मिनिटांत होते. व्हॉट्सअॅप बिझनेस त्या मानाने सोपे आहे. आपल्या क्रमांकावर आलेला ६ अंकी कोड टाकला की दुसरीकडचे लॉगइन तुटते. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर पिनशिवाय आत जाण्यासाठी ७ दिवस थांबावे लागते, मात्र कोड टाकल्यामुळे तो त्याआधीच बाहेर पडलेला असतो.

खाते पुरवणाऱ्या कंपनीत आपला अर्ज वाचणाऱ्याला आपला व्यवसाय ठाऊक नसतो आणि तो दिवसभर असेच अर्ज वाचत असतो. माझा पहिला अर्ज दीड पानांचा होता, त्यात मनस्ताप पुष्कळ होता आणि पुरावा एकही नव्हता. उत्तर ठरावीक मजकुराचे आले. पुढच्या अर्जात मी लिहिले: “अमुक तारखेला सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी खात्याचा ईमेल बदलला गेला. खात्याचा आयडी क्रमांक हा आहे. जुना ईमेल हा आहे. जाहिरातींच्या शेवटच्या तीन पावत्यांचे क्रमांक सोबत दिले आहेत.” त्यानंतर प्रकरण हलले. नाव चोर बदलू शकतो, म्हणून आयडी क्रमांक द्यावा. तो जुन्या पावतीत किंवा स्क्रीनशॉटमध्ये सापडतो. व्यवसायाच्या नोंदणीची कागदपत्रे जोडताना त्यांवरील नाव खात्यावरील नावाशी अक्षरशः जुळते का, ते पाहावे, आणि जुळत नसेल तर कारण एका वाक्यात सांगावे. कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक द्यावेत, पूर्ण क्रमांक कधीही देऊ नये. उत्तर येत नाही म्हणून रोज नवा अर्ज करण्याचा मोह होतो, पण त्याने एकाच प्रकरणाचे पाच तुकडे होतात. पहिल्याच अर्जाच्या क्रमांकाखाली उत्तर देत राहावे.

या काळात ‘खाते परत मिळवून देतो’ म्हणणारी माणसे हमखास गाठतात. ती आगाऊ रक्कम मागतात, ओळखपत्राचा फोटो मागतात, कधीकधी आलेला कोडही मागतात. माणूस त्या वेळी इतका हवालदिल झालेला असतो की त्याला हे खरे वाटते, म्हणून अगदी स्पष्ट सांगतो: यांच्यापैकी कोणालाही काहीही देऊ नये.

खाते चोरीला गेले नसेल तर

नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या किंवा जाहिरात एजन्सीच्या ईमेलवर खाते उघडलेले असणे, हेही ताबा जाण्याचे मोठे कारण आहे. तिथे ‘हॅक झाले’ असा अर्ज करू नये, कारण खाते पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीनुसार मालक तीच व्यक्ती असते आणि तपासात आपलेच म्हणणे खोटे ठरते. आधी त्या व्यक्तीला लेखी विनंती करावी आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. गूगलवरील व्यवसायाच्या प्रोफाइलसाठी मालकीची मागणी करण्याची सोय आहे. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात आणि तो गप्प राहिला तर पडताळणी करून प्रोफाइल आपल्याकडे घेण्याचा पर्याय मिळू शकतो. मात्र नव्या मालकाला जुन्या मालकाला काढून टाकण्यासाठी ७ दिवस थांबावे लागते. संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा नोंदवलेला पत्ता, दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो विषय सर्वांत आधी हाती घ्यावा, कारण त्या डोमेनवरचे सगळे ईमेलही त्याच्याच मुठीत असतात.

खाते मिळाल्यावरचा पहिला तास

आनंदाची पोस्ट टाकण्याआधी सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि ॲडमिनची यादी वाचावी. आमच्या यादीत आमच्याच एका सहकाऱ्याच्या नावाचा, पण एक अक्षर वेगळे असलेला ॲडमिन बसवून ठेवलेला होता. जोडलेली अॅप्स, चालू जाहिराती, आपोआप जाणारी उत्तरे आणि पैसे जमा होण्याचे खाते तपासावे. मग द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारण्याची सोय, लावावी, पूर्ण अधिकार विश्वासातल्या किमान दोन व्यक्तींकडे ठेवावेत आणि फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड कागदावर छापून घ्यावेत; गूगल असे १० कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. संशयित संगणक पूर्ण साफ होईपर्यंत त्यावरून लॉगइन करू नये.

शेवटी ग्राहकांसाठी सूचना लावावी. तिच्यात खाते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपल्या ताब्यात नव्हते ते नेमके लिहावे, त्या दिवसांत आलेला पैशांचा कोणताही संदेश आपला नव्हता हे सांगावे, आणि ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी पावतीसह कोणत्या क्रमांकावर संपर्क साधावा तेही द्यावे.