ब्रिटनमधलं ड्रायव्हिंग लायसन्स: भारतात गाडी चालवून आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंग उजवीकडेच असतं आणि भारतातलं लायसन्स पहिले १२ महिने चालतं. या तीन सोयींमुळे बरेच जण लायसन्सचं काम पुढे ढकलतात आणि अकराव्या महिन्यात जागे होतात. तोवर वेळ गेलेली असते, कारण चाचणीची तारीखच मुळात काही महिन्यांनी मिळते. म्हणून आधी हिशोब तारखांचा.

हे १२ महिने तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून मोजतात. नोकरीवर आलेले, शिकायला आलेले, जोडीदाराबरोबर आलेले, सगळ्यांना नियम एकच. मध्ये दिवाळीला घरी जाऊन आलं की मुदत नव्याने सुरू होते, असं कुणीतरी हमखास सांगतं. तसं काही होत नाही. मुदत संपली की भारतातलं लायसन्स असून नसल्यासारखं. मग शिकाऊ लायसन्सवर, गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावून आणि शेजारी पात्र माणूस बसवूनच गाडी चालवता येते. तसं न करता चालवली तर विमाही लागू होत नाही, आणि खरा फटका तिथे बसतो.

भारतातलं लायसन्स देऊन इथलं घेता येत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांशी अदलाबदलीची सोय आहे, त्या यादीत भारत नाही. २०२१ पासून संयुक्त अरब अमिरात यादीत आहे, त्यामुळे दुबई-अबुधाबीत परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेल्यांनी पुढचं सगळं वाचायच्या आधी अदलाबदलीची चौकशी करावी. आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर उपयोगी पडतं, पण त्याने १२ महिन्यांचे १३ होत नाहीत.

पहिलं काम म्हणजे प्रोव्हिजनल, आपल्या भाषेत लर्निंग लायसन्स. ते डीव्हीएलए हे लायसन्सचं सरकारी खातं देतं, ऑनलाइन ३४ पौंड आणि पोस्टाने ४३. अर्ज थेट सरकारी संकेतस्थळावर करावा. शोधताना वरती दिसणाऱ्या जाहिरातींतल्या साइट्स त्याच अर्जाचे जास्त पैसे घेतात. ओळख ऑनलाइन पटली नाही तर पोस्ट ऑफिसातून ‘डी-वन’ फॉर्म घेऊन मूळ कागदपत्रांसकट पाठवायचा. पासपोर्ट पोस्टाने गेला की तो परत येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नये, हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. गेल्या तीन वर्षांचे सगळे पत्ते लागतात, त्यात भारतातले पत्तेही आले. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं असतं, आणि रोजच्या वापरात आपण ते गाळतो. लायसन्स, थिअरीचं (संगणकावरच्या परीक्षेचं) बुकिंग आणि विमा या तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हांनी नाव लिहिलेलं असलं की चाचणीच्या दिवशी खिडकीपाशी वाद होतो.

प्रोव्हिजनल हातात आलं, तरी पहिल्या १२ महिन्यांत तुमचा भारतातल्या लायसन्सचा हक्क जात नाही. ‘एल’ न लावता, एकट्याने गाडी चालवता येते. मात्र विमा कंपनीला दोन्ही लायसन्स आहेत हे कळवून ठेवावं. तेव्हा पहिल्याच महिन्यात अर्ज करायला कसलीच आडकाठी नाही. आणखी एक अट बऱ्याच जणांना उशिरा कळते: प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी मागच्या १२ महिन्यांतले किमान १८५ दिवस तुम्ही इथे राहिलेले असावे लागता. म्हणजे चाचणी सहा महिने उलटायच्या आधी नाही आणि बाराव्या महिन्यानंतर तर नकोच. उरतात सहा महिने, आणि त्यात एकदा नापास होण्याचीही जागा धरायला हवी. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, इथलं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं.)

थिअरीची फी २३ पौंड. पहिला भाग ५० पर्यायी प्रश्नांचा, ५७ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ४३ बरोबर हवेत. ‘हायवे कोड’ (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) आणि रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक नीट वाचलं, पाच-सहा मॉक टेस्ट दिल्या की हा भाग होऊन जातो. थांबायला लागणारं अंतर मात्र पाठच करावं: ताशी ३० मैलांना २३ मीटर, ६० ला ७३, ७० ला ९६. आपल्याला किलोमीटरची सवय असल्याने हे आकडे अंदाजाने येत नाहीत.

अडकतात लोक दुसऱ्या भागात, हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे धोका ओळखण्यात. १४ छोटे व्हिडिओ, त्यातल्या एकात दोन धोके आणि बाकीच्यांत एकेक, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ गुण, एकूण ७५ पैकी ४४ हवेत. धोका घडू लागताना जितक्या लवकर क्लिक कराल तितके गुण जास्त. भारतात गाडी चालवलेल्या माणसाला रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट धोकाच वाटते: कडेला उभी गाडी, फुटपाथवरचा मुलगा, सायकलवाला. तो पहिल्या सेकंदाला क्लिक करतो, आणि गुणांची खिडकी, म्हणजे ज्या वेळात क्लिकला गुण मिळतात ती, उघडायच्या आधीचं क्लिक वाया जातं. म्हणून घाबरून सतत क्लिक करत सुटलं की त्या व्हिडिओचे थेट शून्य. उपाय साधा आहे. गोष्ट दिसली की एकदा, आणि ती हलू लागली की पुन्हा एकदा क्लिक करायचं. कडेची गाडी नुसती उभी असणं हा धोका धरत नाहीत. तिचा इंडिकेटर लागला किंवा चाक वळलं, आणि आता तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागणार, तिथे खिडकी उघडते. परीक्षा इंग्रजीत असते, वेल्समध्ये वेल्शचा पर्याय आहे, मराठी-हिंदी नाही. निकाल दोन वर्षं टिकतो, आणि त्याच मुदतीत प्रत्यक्ष चाचणी पास व्हावी लागते, नाहीतर थिअरी पुन्हा.

थिअरी पास झाली त्याच संध्याकाळी प्रत्यक्ष चाचणीची तारीख घ्यावी. आधी शिकतो, मग तारीख घेतो, हा क्रम इथे उलटा पडतो. फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) ७५. तारीख बदलायची किंवा रद्द करायची तर पूर्ण दहा कामाचे दिवस आधी, नाहीतर फी बुडाली. नापास झालात तर पुढची तारीख किमान दहा कामाच्या दिवसांनंतरचीच मिळते. सरकारी फी एकदाच लागली तर सगळी मिळून ११९ पौंड होते. पैसे जातात ते शिकवणीत.

शिकवणी किती घ्यावी? दहा वर्षं पुण्यात गाडी चालवलेल्याला क्लच-गिअर शिकायचे नसतात, सवयी सोडायच्या असतात. आमच्या मते आठ ते पंधरा तास पुरतात, पण ते सलग शेवटच्या आठवड्यात न घेता दोन-तीन आधी, मग सराव, मग उरलेले. पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टरला सांगावं की ‘मॉक टेस्ट घ्या आणि चुका लिहून द्या’. नाहीतर तो शून्यापासून सुरू करतो आणि तुम्ही ताशी ३५-४५ पौंड देऊन गाडी सुरू करायला शिकता. काचेवर हिरवा बॅज म्हणजे पूर्ण पात्र इन्स्ट्रक्टर, गुलाबी म्हणजे तो स्वतः अजून शिकतोय. ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. मॅन्युअलचा हात बसलेला असेल तर मॅन्युअलवरच द्यावी.

१२ महिने उलटून गेले असतील तर मित्राबरोबर सराव करताना एक घोटाळा होतो. शेजारी बसणारा २१ वर्षांपुढचा हवा आणि त्याच्याकडे इथलं किंवा युरोपीय संघ, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन यांपैकी कुठलं तरी पूर्ण लायसन्स किमान तीन वर्षं असावं लागतं. गेल्या वर्षी इथलं लायसन्स काढलेला आणि त्याआधी नाशिकला पंधरा वर्षं गाडी चालवलेला रूममेट चालत नाही. त्या गाडीवर तुमच्या नावाचा लर्नर विमाही हवा.

आता चाचणी. सुरुवातीला २० मीटरवरून नंबर प्लेट वाचायची. ती वाचता आली नाही तर चाचणी तिथेच संपते, तेव्हा चष्मा घरी विसरू नये. मग गाडीच्या निगेबद्दल एक प्रश्न, उदाहरणार्थ टायरचे खाचे किती खोल हवेत (किमान १.६ मिलिमीटर), आणि चालवताना एक गोष्ट करून दाखवायची, जसं मागचा वायपर लावणं. त्यानंतर साधारण ४० मिनिटं रस्त्यावर, त्यातला बराच वेळ परीक्षकाच्या सॅटनॅव्हवर (रस्ता सांगणाऱ्या यंत्रावर) किंवा पाट्या बघत. चुकीच्या रस्त्याला वळलात तरी गुण जात नाहीत, नीट वळलात म्हणजे झालं. घाईने शेवटच्या क्षणी लेन बदललीत तर जातात. रिव्हर्सची एक कसरत असते. छोट्या चुका १५ पर्यंत माफ, गंभीर चूक एकही नाही.

आपली माणसं जिथे नापास होतात ते बहुतेक डोळ्यांमुळे. आपण आरशात बघतो, पण परीक्षकाला ते दिसत नाही, किंवा इंडिकेटर आधी लागतो आणि आरसा नंतर. इथला क्रम ठरलेला: आरसा, मग इंडिकेटर, मग हालचाल. कडेला उभी गाडी ओलांडताना, वेग वाढवताना, कमी करतानासुद्धा आरसा. कडेवरून निघताना उजव्या खांद्यावरून मागे वळून बघितलं नाही आणि तेवढ्यात सायकल येत असली तर तीच गंभीर चूक.

गोल, म्हणजे राउंडअबाउट, जरा जवळून बघू. आपल्याकडे गोलात ज्याचं नाक आधी शिरतं त्याचा हक्क. इथे उजवीकडून येणाऱ्याचा. समजा चार रस्ते आहेत आणि तुम्हाला उजवीकडचा घ्यायचाय. बरंच आधी मधला आरसा, उजवा आरसा, उजवा इंडिकेटर, उजवी लेन. तोंडाशी येईपर्यंत दुसरा गिअर आणि नजर उजवीकडे. जागा असेल तर थांबायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर थांबलात तर ‘उगाच अडलात’ अशी चूक लागते. आत गेल्यावर आतली लेन धरून फिरायचं. समोरच्या रस्त्याचा एक्झिट मागे पडला की मधला आरसा, डावा आरसा, डावा इंडिकेटर, डाव्या खांद्यावरून एक नजर, आणि बाहेर. हा शेवटचा डावा इंडिकेटर निम्मे लोक विसरतात. रस्त्यावर नुसता पांढरा ठिपका रंगवलेला असतो तो मिनी-राउंडअबाउट. त्यालाही वळसाच घालायचा, चाक त्यावरून न्यायचं नाही.

उजवीकडे वळताना कोपरा कापणं ही आपली जुनी खोड. वळणाऱ्या रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंत सरळ जायचं आणि मग वळायचं, नाहीतर तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या तोंडावर जाता. दुसरी खोड उतारावर न्यूट्रल करायची किंवा थांबायच्या कितीतरी आधी क्लच दाबून गाडी सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं असं आपल्याला वाटतं, इथे ती नियंत्रण सुटल्याची चूक धरतात. ‘स्टॉप’ लिहिलेल्या रेषेवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी.

दोन्ही बाजूंना गाड्या लावलेली अरुंद गल्ली आली की आपण शिरतो, कारण दोन बोटांचं अंतर आपल्याला पुरतं. इथे उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढी जागा सोडायची, ती नसेल तर वेग अगदी कमी, आणि समोरून कुणी येत असेल तर मोकळ्या जागेत मागेच थांबायचं. समोरच्याने दिवा मारला तर त्याचा अर्थही उलटा: आपल्याकडे दिवा म्हणजे ‘मी येतोय, थांब’, इथे बहुधा ‘तू ये’. पण हायवे कोडप्रमाणे दिव्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच, म्हणून चाचणीत दिव्यावर विसंबून निघू नये. हॉर्न चाळीस मिनिटांत एकदाही वाजवावा लागू नये. वळणाऱ्या रस्त्यावर कुणी ओलांडायला उभा असेल तर २०२२ पासून पहिला हक्क त्याचा.

वेगात दोन्हीकडून चूक होते. दिव्याचे खांब असलेल्या वस्तीत सहसा मर्यादा ३० मैल, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून २०. ती ओलांडायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण ६० च्या मोकळ्या रस्त्यावर भीतीपोटी ४० ने गेलात तर त्याचीही चूक लागते.

पास झालात की त्याच दिवसापासून एकट्याने गाडी चालवता येते, कार्ड पोस्टाने येतं. पहिली दोन वर्षं मात्र नियम मोडल्याचे ६ पॉइंट लायसन्सवर झाले की लायसन्स रद्द, आणि पुन्हा प्रोव्हिजनल, थिअरी, चाचणी सगळं पहिल्यापासून. वेगाच्या एका दंडाचे सहसा ३ पॉइंट आणि १०० पौंड. गाडी चालवताना फोन हातात धरला तर एकाच वेळी ६ आणि २०० पौंड. विम्याशिवाय चालवली तर ६ आणि ३००. घर बदललं की डीव्हीएलएला नवा पत्ता कळवायचा, लायसन्सवरचा वेगळा आणि गाडीच्या नोंदणीवरचा वेगळा. कळवायला पैसे पडत नाहीत, न कळवल्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत आहे. आणि वेगाच्या दंडाची नोटीसही त्या जुन्याच पत्त्यावर जाऊन पडते.