पीडीएफ पॅटर्न छापताना आधी चौकोन मोजा

ऑनलाइन घेतलेला कुर्तीचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा नमुना, छापून शिवला की कुर्ती हमखास घट्ट येते? चूक बहुधा प्रिंटची असते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढायला गेलात तर असं करा:

1. सगळी पानं छापू नका. आधी मापाचा चौकोन (छपाई बरोबर मापात आली का, हे तपासायला पॅटर्नमध्ये दिलेला) असलेलं एकच पान.

2. 'फिट टू पेज' बंद, 'ॲक्च्युअल साइज' म्हणजे 100 टक्के. हे दुकानदाराला स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने फिटच करतो.

3. चौकोन पट्टीने मोजा, आडवा आणि उभाही. 10 सेंमीचा 9.5 भरला, तर 36 छातीची कुर्ती 34 ची होते!

बरोबर आला की उरलेली पानं.

मात्र शिलाईची मार्जिन पॅटर्नमध्ये धरली आहे का, हे कात्री लावण्याआधी वाचा.