एरर क्लासमधलं छुपं बूल रूपांतर काढून टाका
सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा एरर क्लास लिहिला असेल, तर त्यातला 'ऑपरेटर बूल', म्हणजे ऑब्जेक्टचं ट्रू किंवा फॉल्समध्ये रूपांतर करणारं फंक्शन, एकदा उघडून बघा. त्याच्या आधी 'एक्स्प्लिसिट' (आपोआप होणारं रूपांतर रोखणारा शब्द) नसेल तर आजच लावा. सी प्लस प्लस 11 पासून ही सोय आहे.

बूल आपोआप इंट, म्हणजे पूर्णांक, होतो, गोम तिथे आहे. क्लासला स्वतःचा == नसेल, तर 'फाइल सापडली नाही' आणि 'परवानगी नाही' हे दोन एरर तुलनेत चक्क समान ठरतात, कारण दोन्हींचं ट्रू होतं. कोड 13 असलेला एरर इंटमध्ये ठेवला की हाती 1 येतो. कंपायलर अवाक्षर काढत नाही.

एक्स्प्लिसिट लावल्यावर इफ, व्हाइल, ! आणि && पूर्वीसारखेच चालतात. बिल्ड मोडेल ते बूल रिटर्न करणाऱ्या फंक्शनांत आणि अशा तुलनांपाशी. तिथे घाईने स्टॅटिक कास्ट (हाताने लिहिलेलं रूपांतर) ठोकू नका, प्रत्येक ओळ वाचा. मला खरे बग तिथेच सापडलेत. मी तर 'एरर आहे का' अशा स्पष्ट नावाचं फंक्शनच ठेवतो. स्टँडर्ड लायब्ररीच्या एरर कोडमध्ये ट्रू म्हणजे चूक, एक्स्पेक्टेडमध्ये (निकाल किंवा एरर ठेवणारा तिथलाच प्रकार) ट्रू म्हणजे यश, आणि नुसत्या इफवरून हे वाचणाऱ्याला कळत नाही.