टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडताय? आधी मोठा कंडेन्सर रिकामा करा

प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेली घरं मी पोत्यानं पाहिली आहेत. अंगठी, कडं, घड्याळ काढा, मागचं कव्हर खोला, स्क्रू वाटीत ठेवा. इथवर कुणाचंच अडत नाही.

अडतं ते पुढे. पॉवर बोर्डावर बोटाच्या दोन पेरांएवढा एक गोल डबा दिसेल, अंगावर ४५० व्होल्ट लिहिलेला. हा मेन कंडेन्सर, वीज साठवून ठेवणारा. आपले २३० व्होल्ट ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेले की यात साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात. मोठ्या टीव्हीत पीएफसी (व्होल्ट आणखी चढवणारं सर्किट) असेल तर चालू असताना ४०० च्या आसपास.

‘प्लग काढून पाच मिनिटं थांबा, आपोआप उतरतो’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. चालणारा सेट स्वतःच तो करंट पिऊन टाकतो, म्हणून तो सल्ला खरा वाटतो. पण तुम्ही उघडलाय बंद सेट! सप्लाय सुरूच होत नसेल तर पिणार कोण? माझ्या हातात असाच एक ‘मेलेला’ बोर्ड होता. प्लग काढून चहा पिऊन आलो, बोर्ड उलटा करायला दोन्ही कडांना धरला, आणि अंगठा नेमका कंडेन्सरच्या सोल्डरच्या टाक्यांवर. बोर्ड भिंतीवर गेला, कोपर टेबलाच्या लोखंडी पायावर. आरसीसीबी (करंट गळला की घराचा सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप झाला का, असं विचारू नका. प्लग बाहेर असताना त्याला कळणार कसं?

स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट मारणारे मेकॅनिक आहेत. ठिणगी उडते, टोक वितळतं, कधी ट्रॅक उडतो, आणि वितळलेला कण डोळ्याकडे येतो. मी ते करत नाही, दुकानात कुणाला करूही देत नाही. १५ वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब घ्या (एलईडी नको, तो अर्ध्यातच विझतो), होल्डरला दोन वायरी जोडा, टोकांना चांगल्या इन्सुलेशनचे प्रोब लावा. बोर्डाला बोट न लावता दोन्ही टोकं कंडेन्सरच्या पायांवर टेकवा. भरलेला असेल तर बल्ब लुककन् चमकून विझेल. चार-पाच सेकंद तसंच धरा.

बल्ब चमकला नाही म्हणजे कंडेन्सर रिकामा, असं धरू नका. बल्बच उडालेला असेल. मीटर डीसी १००० वर ठेवून मोजा. दोन मिनिटांनी परत मोजा, कारण मोठा कंडेन्सर थोडे व्होल्ट परत वर आणतो. १० च्या खाली असेल तरच हात घाला. आणि बल्ब काढायला विसरू नका. मी एकदा तसाच ठेवून सप्लाय दिला. भगभगून फुटलाच तो.

चालू बोर्डावर मोजायचंच असेल तर सप्लाय सिरीज बोर्डातून द्या, म्हणजे वाटेत सिरीजमध्ये जोडलेल्या १०० वॅटच्या फिलामेंट बल्बमधून. पण हा बल्ब बोर्डाला वाचवतो, तुम्हाला नाही. तो ४०० मिलिअँपिअरपर्यंत सोडतो. माणसाला वाचवायला बसवलेला आरसीसीबी ३० वर तोडतो. त्यामुळे मीटरची काळी वायर सप्लाय देण्याआधीच कंडेन्सरच्या निगेटिव्हला क्लिपनं अडकवा. टीव्हीच्या पत्र्याला नको. तो वेगळा ग्राउंड आहे, रीडिंग चुकीचं येईल. मग लाल प्रोब एका हातानं, दुसरा हात खिशात. पायाखाली कोरडी रबरी मॅट. घरात एकटे असाल तर हे काम उद्यावर टाका.

सिरीजचा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे मोजा. पूर्ण उजेडानं पेटलेलाच राहिला तर प्रायमरीत, म्हणजे बोर्डाच्या मेन सप्लायकडच्या बाजूला, शॉर्ट आहे. प्लग काढा आणि पुन्हा कंडेन्सरपासून सुरू करा.