मँचेस्टरला निघण्याआधी एक कर्ज पैशापर्यंत समजून घे

मँचेस्टर विद्यापीठातली 'डेव्हलपमेंट फायनान्स'ची एमएस्सी एका वर्षाची. सप्टेंबरात वर्ग सुरू आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रबंध लिहायला घ्यायचा. त्यामुळे तयारी तिथे जाऊन करू म्हणशील तर वेळच मिळणार नाही. अर्जाला आदल्या वर्षीच्या दिवाळीआधी बस.

कंटाळवाणं काम आधी उरक, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, विद्यापीठाने दिलेला सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा. मला परीक्षा विभागात चार खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे की हो!" मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा रांग. तेव्हा आजच पासपोर्ट आणि सगळ्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेव आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघ. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेऊ नकोस, ज्या सरांनी तुझा प्रकल्प खरोखर वाचलाय त्यांच्याकडून घे. एसओपीत, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय हे सांगणाऱ्या निबंधात, 'लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड' हे वाक्य आलं असेल तर खोड.

गणिताचा बाऊ नको, पण टाळाटाळही नको. डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि रिग्रेशन एवढं हाताखालून जाऊ दे. 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घे आणि एखादी डेटा फाइल उघडून साफ करायला शीक. तिथल्या पहिल्या महिन्यात माझे सगळ्यात जास्त तास गेले ते रिकाम्या रकान्यांशी झगडण्यात.

आता खरी गोष्ट. या पदवीत फायनान्स एका बाजूला शिकवतात, विकास दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची गाठ आपोआप पडत नाही. ती घालायला तुझ्याकडे एक कर्ज हवं, पैशापर्यंत समजलेलं. माझं कर्ज मावशीचं होतं. गावच्या पतसंस्थेतून शिलाई मशीनसाठी १०,००० रुपये, 'फक्त शेकडा १ महिना', बारा हप्ते. व्याज १,२०० रुपये, म्हणून दर महिन्याला सुमारे ९३३. मावशीच्या मते व्याज १२ टक्के. पण सहा महिन्यांनी निम्मं मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज मोजलं जातं पूर्ण १०,००० वरच. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत १०,०००, खाली बारा वेळा उणे ९३३.३३ घाल आणि आयआरआर, म्हणजे फिटत जाणाऱ्या शिल्लक मुद्दलावर खरा पडणारा व्याजदर, काढ. महिन्याला साधारण १.७९ टक्के येतात, म्हणजे वर्षाला जवळपास साडेएकवीस! मी हे दाखवलं तर मावशी म्हणाली, "असू दे रे, सावकार तर दारात उभा करत नव्हता." हे उत्तरही वहीत लिहून ठेव. सेमिनारमध्ये व्याजदरापेक्षा त्यावरच जास्त चर्चा झाली.

वाचन या कर्जाभोवती गुंफ. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, गहाणखतं जाळली आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. त्याच सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ सहकारी साखर कारखाना उभा करत होते. १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे १९७७ पासून नियम आला की आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. तो १९९० पर्यंत चालला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांचा २००५ चा शोधनिबंध म्हणतो, या शाखांमुळे ग्रामीण गरिबी घटली; त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत. दोन्ही बाजू वाच. 'कशामुळे काय झालं' हे सिद्ध करणं किती अवघड असतं, ते इथे कळतं.

तुझं स्वतःचं शैक्षणिक कर्जही याच नजरेने तपास. हप्ते सहसा अभ्यासक्रम संपून एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. जमलं तर ते तेव्हाच भरत जा. व्हिसासाठी कर्जाऐवजी स्वतःचे पैसे दाखवणार असशील तर ते खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. मध्ये एक दिवस जरी रक्कम कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काकांकडून आलेले पैसे परत करायची घाई तोवर नको. व्हिसासाठी टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, शेजारच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही.

बॅगेचं थोडक्यात. छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट, पावसाचं जाकीट. तूप, पेढे, खवा आईने कितीही कोंबले तरी काढून ठेव; भारतातून दुधाचे पदार्थ तिथे न्यायला मनाई आहे.

आणि निघण्याआधी मावशी-काकूंपैकी कुणाच्या तरी कर्जाच्या पासबुकाची झेरॉक्स मागून घे. मूळ पुस्तक नेऊ नकोस. दहा तारखेला त्यावर हप्त्याचा शिक्का घ्यायचा असतो.